रेडीची बारी

१२ जानेवारी १९६३
हरिश्चंद्रबुवांचा सत्कार ठरला! आरोंद्याच्या देवळात. सत्तरी पूर्ण झाली त्यांना. चाहत्यांनी आपापली आठवण सांगायची – आणि शेवटचा मी! इतकी वर्षं त्यांच्या प्रत्येक भजनाला पुढे जाऊन बसलो, त्याचं चीज झालं.

१३ जानेवारी
कोणती सांगू? रेडीच्या जत्रेतलीच, माझी रुक्मिणी गेली त्या वर्षीची! डबलबारी – दोन बुवा समोरासमोर. परशुरामबुवांनी गाण्यातून पुराणातला असा प्रश्न टाकला की मंडप गप्प. उत्तरही गाऊनच द्यायचं. आमच्या बुवांनी डोळे मिटले. थांबले. आणि मग तो अभंग! लहानपणी वर्गात कविता चालीवर म्हणताना काटा यायचा, तसा आला अंगावर.

त्याच दिवसापासून लवूशी बोलणं बंद. सख्खा धाकटा भाऊ, पण परशुरामबुवांच्या पेटीवर! ‘हरणाऱ्याची पेटी वाजवतोस, लाज नाही?’ म्हटलं मी. तो गप्पच. मग दोन घरांमध्ये गडगा घातला, चिऱ्यांची भिंतच. त्याची जानकी अजून त्यावरून कढी देते. भांडं मी धुऊन परत तिथेच ठेवतो. शब्द नाही.

२० जानेवारी
ओळ जमली –
सिंह गर्जता रानात, कोल्हे दडती बिळात!
शेजारच्या गंगारामला म्हणून दाखवली. म्हणाला, ‘परशुरामबुवा बिचारो वारलो रे. कोल्हो नको.’
कोल्हा राहणार.

१० फेब्रुवारी
सत्कार झाला. लिहू नये असं वाटतंय.

सुरुवात काय छान! गंगाराम म्हणाला, ‘म्हस अडली, मी बुवांचो अभंग म्हटलंय, नि रेडकू सुटला!’ शेवंती उठली – ‘माझो घोव रोज भजनाक जाय, म्हणान माझो संसार टिकलो!’ देऊळभर हशा.

माझ्या आधी बुवाच उठले. डोळ्यांत पाणी. ‘परशुराम गेलो, माझी अर्धी विद्या गेली. प्रश्न नि उत्तर आमी दोघांनी माझ्या खळ्यात बसान बांधूचा. एका जत्रेक तू हर, फुडच्या जत्रेक मी हरतंय. रेडीक हरूची पाळी तेची होती.’

टाळ्या! लोक डोळे पुसत होते, हसत होते. गंगारामने मला कोपराने ढोसलं – ‘काय भाई, सिंव्ह नि कोल्हो एका पानात जेवत होते!’

माझं नाव पुकारलं. घसा बसलाय म्हणून खुणेने सांगितलं.

११ फेब्रुवारी
ते डोळे मिटणं! ते थांबणं! सगळं बसवलेलं. सगळे म्हणतात, केवढं प्रेम दोघांचं. असेल. मी मात्र त्यांच्या नाटकापायी भाऊ टाकला.

१२ फेब्रुवारी
आज माडाखाली बसलो असताना एकदम ध्यानात आलं. तालमीला पेटी लागतेच! म्हणजे लवू बुवांच्या अंगणात, त्या खळ्यात होता. त्याला सगळं ठाऊक होतं – रेडीच्या आधीपासून! मी लाज काढली तेव्हाही, गडगा घातला तेव्हाही. एका वाक्यात मिटलं असतं, आणि तो बोलला नाही. बुवा तरी परके. हा सख्खा!

उद्या जाब विचारणार.

१३ फेब्रुवारी
गेलो. जानकी पाट द्यायला धावली. बसलो नाही.

‘तुका ठावक होता?’
‘होय.’
‘मगे सांगलंस कित्याक नाय?’

लवू मग म्हणाला, ‘रुक्मिणीवयनी गेली, तेच्या मागसून सा म्हयने तू घरात शब्द काढूक नाय, भाई. त्या दिवशी रेडीसून घराकडे बुवांचो अभंग गायत इलंस. ता मी मोडू?’