शेपटीजवळची धार

३ नोव्हेंबर
आज काळा पापलेट खाल्ला! शंकर नगरच्या कोपऱ्यावर मासेवाल्या भैय्यालालने शपथेवर दिला. रूपालीने, म्हणजे सूनबाईने, झकास तळला. पण पापलेट इतका काळा? आम्ही विदर्भातली माणसं, तळ्यातल्या रोहूपलीकडे गती नाही. इथे रायपुरात रेल्वेच्या पार्सल ऑफिसात उभा जन्म गेला. माशांच्या पेट्या गळल्या की ओरडायचो, आत काय आहे ते कधी बघितलं नाही. फोनवर मासे ओळखणाऱ्यांचा मराठी गट आहे म्हणे. रूपालीने मला त्यात घातलं. तळायच्या आधीचा फोटो टाकला.

४ नोव्हेंबर
उत्तर आलं! वेंगुर्ल्याच्या कुणी वनमालाबाई, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त, एकट्याच राहतात. लिहितात, हा हलवा. लोक काळा पापलेट म्हणतात, पण पापलेटच्या नात्यातला नाही, ट्रेव्हली नावाचे मासे असतात, त्यांच्या घराण्यातला. शेपटीच्या देठाशी बोट फिरवा, कडक खवल्यांची धार लागेल.
शेपटी कालच कचऱ्यात गेली. पुन्हा मासा आणणे आले.

९ नोव्हेंबर
धार लागली! बोट कापलं. त्यांना कळवलं तर हळद लावा म्हणाल्या.
म्हणतात, यांची नावं बंदर बदललं की बदलतात. तुमच्याकडे काय म्हणतात? मी लिहिलं — रायपुरात सगळ्यांना एकच नाव, 'समुद्री'. पुष्कळ हसल्या असाव्यात.

१७ नोव्हेंबर
आमची ही, रमा, गेल्यापासून दुपार कधी इतकी लवकर संपली नव्हती.

२४ नोव्हेंबर
सकाळीच भनपुरीला, मासळीच्या ठोक बाजारात गेलो. विशाखापट्टणमचा ट्रक उतरत होता. बर्फातून एकेक मासा वर काढून फोटो घेतले. हमाल म्हणाले, बाबूजी, लेना है कि शादी जमानी है?
नावंही मीच लिहून पाठवली. धार अर्ध्या अंगभर आणि शेपटीकडे सुटे छोटे पर — काटबांगडा. डोळे बटबटीत, पाठीवरच्या पराचं टोक पांढरं — मोठ्या डोळ्यांची ट्रेव्हली. पिवळी, अंगावर काळे उभे पट्टे — सोनेरी ट्रेव्हली. त्यांचं उत्तर: "पैकीच्या पैकी! आता तुम्हाला माझी गरज उरली नाही."
हे कसलं कौतुक? जेवण गेलं नाही.

२६ नोव्हेंबर
निरोप नाही. आता विचारू तरी काय?

२८ नोव्हेंबर
सुचलं! काटबांगड्याचा फोटो टाकला, खाली लिहिलं — बांगडाच ना हा? लगेच उत्तर, चांगलं लांबलचक! संध्याकाळी पुरानी बस्तीत देवळात जाऊन आलो. पाय दुखले नाहीत.

१ डिसेंबर
आज सोनेरी ट्रेव्हलीला सुरमई म्हटलं. जरा जास्तच झालं बहुतेक. उत्तर नाही.

३ डिसेंबर
अजून नाही.
रूपालीने फोन बघितला. "बाबा, हे पट्टे तं तुम्हीच मले शिकवले. मग काहून चुकीचं लिहून राहिले?" चष्म्याचा नंबर वाढला म्हणालो. भाजी निवडता निवडता म्हणाली, "जलमभर पोट्टे शिकवले त्या बाईनं. तिले समजत नसन का?"
मेलो! समजलंच असणार. म्हाताऱ्याचे चाळे म्हणून तोंड फिरवलं असेल. फिरवू नये हो. मला त्यांच्याशी बोलायला आवडतं, एवढंच आहे.

५ डिसेंबर
भैय्यालालने हाक मारली. आज मासा नको म्हणालो.

६ डिसेंबर
वनमालाबाईंचा फोटो आला. गटात नाही, थेट मला. परातीत काळाभोर, चांगला दांडगा हलवा, शेपटीजवळची धार स्वच्छ दिसते आहे. खाली लिहिलंय — "हा कोणता मासा, सांगाल का? मला मेलीला ओळखताच येईना."
लगेच उत्तर दिलं नाही. आधी दाढी केली.