एकाच तारखेचे दोन अंक

प्रिय बाबा,

आई सांगत होती, तुमच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची तपासायची मुद्रितं आल्यापासून तुम्ही लग्नघरातल्यासारखे मिरवताय, जेवायलासुद्धा दहा हाका माराव्या लागतात. ऐकून मी हसले, आणि फोन ठेवल्यावर कागद पुढ्यात ओढला. तोंडानं सांगायचा धीर होत नाही, म्हणून लिहितेय. चिडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून मग चिडा.

प्रबंधासाठी माझा मुक्काम सध्या ग्रंथालयाच्या तळघरात. जुन्या वर्तमानपत्रांची फिल्म यंत्रात घालायची. पडद्यावर पानं पळायला लागली की डोकं गरगरतं. यंत्र सांभाळणारे काका म्हणतात, ताई, लिंबू चोखा, माझीही सुरुवात अशीच झाली. गेल्या आठवड्यात तुमच्या पुस्तकातल्या गिरणीकामगार बायकांच्या मोर्चाची बातमी काढायला बसले. वर्तमानपत्र तेच, तारीख तीच. पण बातमी उलटी! तुम्ही लिहिलंय, मोर्चा शांततेत पार पडला; इथं मात्र पुढारी बायकांना दुपारीच अटक झाली, मोर्चा निघालाच नाही.

माझंच काहीतरी चुकलं असं वाटून मी ती फिल्म पुन्हा पुन्हा लावली. मग पानाच्या कोपऱ्यात ‘शहर आवृत्ती’ दिसलं. पुस्तकासाठी तुम्ही वापरलेल्या कात्रणावर ‘डाक आवृत्ती’ आहे, बाबा. तुमच्या गावच्या वाचनालयात तीच यायची. संध्याकाळच्या गाडीत चढवायची म्हणून दुपारीच छापलेली, वर तारीख मात्र दुसऱ्या दिवशीची. संध्याकाळचा मोर्चा बातमीदारानं कार्यक्रमपत्रिका बघून आधीच ‘शांततेत पार’ पाडून टाकला होता. तुम्ही तरी काय करणार? गावात दुसरा अंक येतच नव्हता.

तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. दूध उतू जातं, बस चुकते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असंही मनात येऊन गेलं. त्या फिल्मकडे कोण फिरकतंय? पण माझ्या परीक्षकांत तुमचे ते जुने ‘स्नेही’ आहेत, ज्यांना तुमचं पुस्तक पहिल्यापासून खुपतंय. त्यांच्या हाती हे लागलं तर ते तुमची लाज काढतील, या विचारानं मला धडकी भरते. आणि खरं सांगू? ते नसते तरी मला गप्प बसवलं नसतं. त्या बायका कोठडीत होत्या आणि आपण त्यांना रस्त्यावरून चालवतोय.

सोबत त्या पानाची प्रत आहे. आधी छापखान्याला फोन करा आणि मोर्चाच्या प्रकरणाची छपाई थांबवा. नव्या प्रस्तावनेत तुम्हीच हे लिहा, तुमच्या शब्दांत, तुमच्या नावानं. माझा प्रबंध तयार आहे, सोमवारी मुदत संपते, पण मी तो दिलेला नाही. मुदतवाढीचा अर्ज टाकलाय. मिळेल की नाही, देव जाणे. माझ्या तळटीपेत मला ‘लेखकाची चूक’ असं लिहायचं नाही. ‘लेखकानेच पुढे दुरुस्त केले आहे’ असं लिहायचंय.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
तुमचीच
भुणभुण