पोच

हिंगोली,
रविवार, १ डिसेंबर २०२४

प्रिय रीता,

सप्रेम नमस्कार. मी इकडे बरी आहे, तुम्हीही सगळे बरे असाल असं धरून चालते. रूपामावशींचा गुडघा कसा आहे? थंडी पडली की त्यांचा त्रास वाढतो. मी आणलेला पट्टा त्या बांधत नसणार, हे कुणी न सांगताही मला कळतं. तांड्यामागच्या माळावर तुरीला शेंगा भरल्या असतील.

तुझा फोन लागत नाही. जुलैपासून व्हॉट्सॲपवर तुझा फोटोही दिसेनासा झाला. तू मला ब्लॉक केलंस एवढं कळण्याइतकी अक्कल मला आहे, म्हणून कितीतरी वर्षांनी कागद घेऊन बसले. वसतिगृहात असताना सुट्टीत आपण एकमेकींना पत्रं लिहायचो आणि तू माझ्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनाने सुधारून पत्र परत पाठवायचीस. हेही तसं परत आलं तर मला आनंदच होईल.

गुरुवारी तुझी सुनावणी आहे. त्याच्या आत हे तुझ्या हातात पडायला हवं आणि पोस्टाचा भरवसा नाही. उद्या सकाळी रामप्रसाद सेनगावहून जीप घेऊन येईल, तेव्हा स्टँडवर त्याच्याच हातात देणार आहे. तुझा भाऊ माझ्याकडे बघणार नाही, पण पाकीट घेईल असं वाटतं.

परवा भाजीबाजारात मिराबाई भेटल्या, आपल्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातल्या. अजून तशाच ठणठणीत. “ती तुझी जोडीदारीन कुठं हाय गं? कच्ची भाकर परत पाठवणारी?” म्हणून तुझी चौकशी केली. मी म्हटलं, “वसमतकडं हळदीच्या कारखान्यात आहे.” आहे म्हटलं. आता नाही, हे सांगायला जीभ उचलली नाही. “मोठी झाली म्हना की लेकरं,” म्हणून त्यांनी माझ्या पिशवीत दोन मुळे जास्तीचे टाकले. ते मुळे मी घरी आणून तसेच वाळू दिले.

माझं काम चालू आहे. हॉल घ्यायचा, मागे बॅनर लावायचं, गिरणीवाले, कारखानदार, दुकानदार यांना बोलवायचं आणि कामगारांचे कायदे समजावून सांगायचे. चहा-चिवडा होईपर्यंत माणसं बसतात. मग फोटो. समितीचा कायदा सांगून संपला की कुणीतरी ठरल्यासारखं विचारतं, “मॅडम, तेवढं बोर्डाचं सांगा, साइज किती पायजे?” सुरुवातीला मी चिडायचे. मग मापं पाठ झाली.

तुला हे सगळं माहीत आहे. पण गुरुवारी हा कागद तुझ्याशिवाय इतरही वाचतील, वाचावा अशी माझी इच्छा आहे, म्हणून ज्याला काहीच ठाऊक नाही त्यालाही समजेल असं लिहिते. मध्येच मी भरकटले तर समजून घे. नाहीतर नको समजून घेऊस. तुझ्या समजून घेण्यावर मी फार दिवस चरले.

वैजनाथरावांच्या कारखान्यात तू लागलीस ती माझ्या शब्दावर. पॅकिंगच्या बायकांवर देखरेखीला बारावी झालेली, हिशेबाला पक्की बाई त्यांना हवी होती. मी तांड्यावर तुझ्या आईला विचारायला आले, तर रूपामावशी चुलीपुढून उठल्यासुद्धा नाहीत. “इतक्या दूर काहून? हितं काय कमी हाय?” मी म्हटलं, “मावशी, तिथं कायद्याने समिती आहे. आणि मी आहे ना.” हे वाक्य मी किती ऐटीत बोलले होते, ते मला अजून ऐकू येतं.

ती समिती मीच बनवली होती. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे बायकांच्या छळाच्या तक्रारी ऐकायला समिती लागते, तिची नावं दारात लावावी लागतात. वैजनाथराव म्हणाले, “नावं तुमीच टाका मॅडम, मला त्यातलं काय कळतंय.” मी टाकली. एक नंबरला त्यांच्या भावजय, ज्या नांदेडला राहतात आणि ज्यांनी कारखाना आतून पाहिलेला नाही. दोन नंबरला मॅनेजर, म्हणजे वैजनाथरावांचे साडू. तू लागल्यावर तीन नंबरला तुझं नाव. चार नंबरला, बाहेरची सदस्य म्हणून, मी. बोर्ड रंगवून आला तेव्हा त्याच्यासमोर आपण दोघींनी फोटो काढला होता. तू म्हणाली होतीस, “नंदे, शाळेच्या फळ्यावर कधी नाव लागलं न्हाई, हितं लागलं बघ.”

मे महिन्यात तुझा फोन आला. म्हणालीस, “बाईनं तक्रार करायची तर कुणाकडं करायची?” मी कुठल्या तरी घाईत होते. म्हटलं, “अगं, दारात बोर्ड आहे, त्यावर नावं आहेत बघ.” तू म्हणालीस, “बघितली. दोन नंबरनं गोदामाची कडी लावली, आणि तीन नंबर आत होती.”

हे तू सांगितलंस तसंच लिहिलं आहे. त्यात माझा एक शब्द नाही.

मी हादरले, हे खरं. रडलेही. पण लगेच गाडी काढून आले नाही, हेही खरं. तुला दोन आठवडे “शांत हो, मी बोलते” एवढंच सांगत राहिले. अकरा जूनला, मंगळवारी दुपारी, वसमतच्या बसस्टँडवर आपण भेटलो. तू दोन पानांचा अर्ज लिहून आणला होतास. नीट समास सोडून, तारखेसह. गोदामातली घटना सत्तावीस मेची, तिच्याआधीचे चार प्रसंग, आणि कोणत्या बायकांनी काय पाहिलं ते. मी तो उभ्या उभ्या वाचला आणि पर्समध्ये ठेवला. तू हात पुढे केलास आणि म्हणालीस, “पोच दे.”

मी हसले. रीता, मी हसले, हे मला आठवतं. म्हटलं, “वेडी का तू? आपल्यात कसली पोच?”

तू हात मागे घेतलास. तुला वाटलं असेल, पोच मागून आपण मैत्रिणीचा अपमान केला. मलाही तसंच वाटलं होतं, थोडा रागसुद्धा आला होता. दर ट्रेनिंगला मी मालकांकडून एकच गोष्ट शाळेतल्या पोरांसारखी तीनदा म्हणवून घेते. अर्ज आला की आधी काय द्यायचं? पोच! तारीख टाकून, सही करून, तिथल्या तिथं. नात्याचं कुणी असलं तर हमखास द्यायची, हेही मीच सांगते.

अर्ज मी समितीपुढे ठेवला नाही. वैजनाथरावांना तोंडी सांगितलं. ते म्हणाले, “मॅडम, तुमचा शब्द म्हंजी झालं. लेखी कशाला, बाईमाणसाची इज्जत जाती. मी बघतो.” त्यांनी पाहिलं ते असं की साडूंना पंधरा दिवस दुसऱ्या गोदामावर धाडलं आणि परत आणलं. तुला पॅकिंगवरून काढून पॉलिशच्या ड्रमकडे उभं केलं, जिथे धुळीत माणूस ओळखू येत नाही. जुलैत तू काम सोडलंस. तू चोरी केलीस म्हणून काढली, असं कारखान्यात पसरवण्यात आलं. ते माझ्या कानावर आलं होतं आणि मी खोडलं नाही.

काहून, असं मावशी विचारतील. मी स्वतःला जे सांगत होते ते लिहिते. बारा कारखान्यांच्या बोर्डांवर माझं नाव आहे. माझ्यामुळे तिथे बायकांच्या संडासाला दारं आली, धुळीसाठी तोंडाचे पट्टे आले, कामावर घेतल्याचं पत्र मिळायला लागलं. एका जागी भांडले तर बाराही दारं बंद होतील, मग त्या सगळ्या बायकांचं काय, असं मी म्हणायचे. हे खोटं नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं. मला सगळीकडे “या मॅडम, बसा मॅडम” व्हायचं, ते मला आवडायला लागलं होतं. ते जाईल याची मला भीती होती. बस, इतकंच होतं.

पुढचं तुला ठाऊक नाही. ते लिहायचं म्हणूनच मी इतकी पानं गिरवली.

ऑक्टोबरात तू जिल्ह्याच्या समितीकडे गेलीस. तक्रार तीन महिन्यांच्या आत करावी लागते, तुझी उशिरा आली, असं त्यांनी म्हटलं. तू सांगितलंस, जूनमध्येच लेखी दिली होती. त्यांनी कारखान्याला विचारलं, आणि बाहेरची सदस्य म्हणून मला. तेव्हा वैजनाथराव माझ्या घरी आले, टाइप केलेला कागद घेऊनच. ‘माझ्याकडे अशी कोणतीही लेखी तक्रार प्राप्त झालेली नाही.’ मी म्हटलं, हे खोटं आहे. ते अगदी शांतपणे म्हणाले, “खोटं काय त्यात मॅडम? पोच हाय का तिच्यापाशी? पोच न्हाई म्हंजी अर्ज आला न्हाई. तुमीच तर शिकवलं आमाला.”

त्यावर मी सही केली. वीस नोव्हेंबरला. तो अर्ज आतल्या खोलीत, माझ्या पर्समध्येच होता.

दोन दिवसांनी रूपामावशींचा फोन आला. आवाज चढवला नाही त्यांनी. म्हणाल्या, “नंदे, शिकलीस लई, पन पोच न्हाई आली तुला.” त्या माझ्या अकलेबद्दल बोलत होत्या. पोचेच्या कागदाचं त्यांना काही माहीत नव्हतं. मी फोन धरून भिंतीला टेकून बसले.

तरीही परवा शुक्रवारी ट्रेनिंगला गेले, निर्लज्जासारखी. पोचेचा भाग आला, तसे सेनगावकडचे तातेराव हात वर करून उभे राहिले. सोयाबीनची छोटी गिरणी आहे त्यांची, मागच्या वर्षीही आले होते. म्हणाले, “मॅडम, मला लिवता येत न्हाई धड. तर बाईनं कागद दिला की मी त्याच्या मागं सही करून, तारीख टाकून, त्याचा फोटो तिच्याच मोबाइलवर धाडतो. चालतंय का?” मी म्हटलं, चालतं. ते म्हणाले, “मग बराबर. तक्रार मिटाया टाइम लागतो, पन तेवढ्यानंबी बाईचा जीव खाली बसतो बघा. आपलं कुनीतरी ऐकलं म्हनून.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले आणि पुढचा भाग घेतलाच नाही. लोक चिवडा खाऊन गेले.

ही साधी गोष्ट त्या माणसाने माझ्याकडून शिकून घेतली, आणि मला ती तुझ्यासाठी करता आली नाही.

आता कामाचं. शुक्रवारीच हॉलवरून जाऊन मी जिल्ह्याच्या समितीला लेखी कळवलं आहे की वीस तारखेचं माझं पत्र खोटं होतं. त्याची पोच घेतली, तिची प्रत सोबत आहे. बाराही कारखान्यांना माझं नाव काढायला कळवलं. माझं पुढे काय व्हायचं ते होईल, त्याची दया करू नकोस, आणि माफीबद्दल तर मी लिहीतच नाही. मी तुझ्या जागी असते तर केली नसती.

तुझा मूळ अर्ज सोबत जोडला आहे. दोन्ही पानं आहेत, मोजून घे. दुसऱ्या पानाच्या कोपऱ्यात तुझ्या अंगठ्याचा हळदीचा डाग आहे, तो अजून तसाच पिवळा आहे. गुरुवारी मी येणार आहेच. पण ‘मी आहे ना’ हे तू एकदा ऐकून बसली आहेस, म्हणून माझ्या येण्यावर काही ठेवू नकोस. हे कागद घेऊन जा. मी आले नाही तरी ते पुरतील असं लिहिलं आहे.

मावशींना नमस्कार सांग. पट्टा बांधायला सांग.

पत्राखाली ‘तुझीच’ लिहायची आपली सवय. आज तो शब्द लिहायचा मला हक्क नाही. त्या दिवशी तू जे मागितलंस तेच लिहिते.

पोच

रीता पेमा आडे यांचा दि. ११ जून २०२४ चा तक्रार अर्ज, पाने दोन, मला त्याच दिवशी दुपारी वसमत बसस्थानकावर समक्ष मिळाला. अर्जदाराने पोच मागितली होती. मी दिली नाही.

राजनंदिनी विश्वंभर बोंढारे
सदस्य क्रमांक चार