तान्ह्यांच्या खोलीतला जंतू

६ फेब्रुवारी १९७३
आज पुन्हा एक बाळ गेलं. चौथ्याच दिवशी. तान्ह्यांच्या खोलीतलं पंधरा दिवसांतलं पाचवं. आई मालनबाई, पाथर्डीकडची. मला व्हरांड्यात अडवून म्हणाली, "काल पोरगं दूध पीत हुतं, सायेब. मग काय झालं?" मी लॅबोरेटरीतला माणूस. बाळाच्या रक्ताचा नमुना तपासायला लावला.

८ फेब्रुवारी
बाळाच्या रक्तातला जंतू वाढला. औषधांच्या सहा चकत्या ठेवल्या होत्या — पेनिसिलिनपासून क्लोरॅम्फेनिकॉलपर्यंत. औषध लागू पडलं तर चकतीभोवती जंतू मरतात, जागा मोकळी राहते. एकीभोवतीही नाही! पाचही बाळांचं हेच. म्हणजे घरून आणलेला नव्हे — इथलाच.

१३ फेब्रुवारी
सापडला. बाळांच्या घशातला चिकटा ओढायची रबरी नळी. सगळ्यांना तीच, नुसती पाण्यातून काढून. मोठ्या डॉक्टरांना लेखी दिलं. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. "बाया घाणीतून येतात आणि तुम्ही नळीला दोष देता?" रजिस्टरात पाचही बाळांपुढे 'जन्मतः अशक्त'. मालनबाईचं साडेसहा पौंडांचं होतं!

२० फेब्रुवारी
जंतूचा नमुना पुण्याच्या मोठ्या लॅबोरेटरीला पाठवला होता, त्यांचं पत्र. नळीतला आणि बाळांतला जंतू एकच. वर लिहितात — औषधाला न जुमानण्याचा गुण हे जंतू एकमेकांना देतात, दुसऱ्या जातीच्या जंतूंनासुद्धा. डॉक्टरांना दाखवलं. ठेवून जा म्हणाले.

२१ फेब्रुवारी
सहावं. नळी तीच.

२६ फेब्रुवारी
सोनईहून मेहुणा सहादेव आला, रतनला घेऊन. माझी धाकटी बहीण, दिवस भरलेले. दिवाळीपासून मीच तिच्या मागे लागलो होतो, बाळंतपण दवाखान्यातच कर म्हणून. आज मीच फाटकात अडवलं. सहा बाळांचं सगळं सांगितलं. गावची भागूबाई सुईण बरी, परत जा म्हटलं. सहादेवनं पिशवी पुन्हा खांद्याला लावली. मग म्हणाला, "तुमी म्हंताल तसं, पाव्हणं." रतनला उलट हायसं वाटलं. एसटीत बसवून दिलं. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो — एक तरी बाळ यांच्या हातून सोडवलं.

४ मार्च, सोनई
मुलगी झाली. ठणठणीत आहे, ताप नाही, काही नाही. वार अडकली. रक्त थांबलं नाही. टेम्पो मिळेपर्यंत रतन गेली. सहादेवनं मुलगी आणून माझ्या मांडीवर ठेवली.