परग्रहावरचा खटला आणि माझी सनद

३ मार्च
साडू येऊन गेला. 'परग्रह परिवहन' नावाच्या मालिकेचा लेखक झालाय. यानं, हिरवी माणसं, असला पोरखेळ. आता एक भाग कोर्टाचा आहे म्हणे. यंत्रमानवाने कप्तानाला यानाबाहेर ढकललं म्हणून त्याच्यावर खटला. कोर्टाची रीत सांगाल का, म्हणाला. इतकी वर्षं आम्ही वकिली काय झक मारायला करतोय? हात जास्त भाडेकरारांवर फिरला हे खरं, पण कोर्ट ते कोर्ट. म्हटलं, दमडी नको, मालिकेत नाव द्या. शब्द दिलाय त्याने.

५ मार्च
साडूला शिकवलं. आरोपपत्र निकालाच्या दिवशी वाचतात, म्हणजे उत्सुकता राहते. साक्षीदाराची उलटतपासणी ज्याचा साक्षीदार त्याच्याच वकिलाने घ्यायची. तो दोनदा म्हणाला, नक्की ना? एकदा पुस्तकात बघू या का? म्हटलं, पुस्तकं नवशिक्यांना लागतात. मग नुसता माझ्याकडे बघून टिपणं काढत होता. आदर दिसत होता डोळ्यांत.

१९ जून, रात्री
हरामखोर! आज तो भाग लागला, शेजाऱ्यांना मुद्दाम बोलावलं होतं. सुरुवातीला नावं आली. लेखक, दिग्दर्शक, टोप बसवणारा. माझं नाही! शेजारी विचारतो, तुमचं कधी येणार? बिस्किटं मात्र सगळी संपवली त्याने.

वर त्या भागातला बचावाचा वकील. वाक्यागणिक खाकरतो, चष्मा काढून लोकांवर रोखतो. सौ. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मी चष्मा काढून, तो तिच्यावर रोखून विचारलं, यात हसण्यासारखं काय आहे? तर आणखीच हसली. तीन डोक्यांचा न्यायाधीश निकाल द्यायला लागला तेव्हा मी टीव्ही बंद केला. सौ. म्हणत होती, शेवटपर्यंत तरी बघू द्या. एक मिनिट नाही! आता सूड.

२० जून
सायंदैनिकाचा संपादक माझा अशील. घराचा करार मीच केलाय. परीक्षण छापायला तयार. टोपणनाव 'न्यायप्रेमी'. फौजदारी कायद्याचं पुस्तक काढलं, त्यावरचं प्लास्टिक फाडलं. साडूने सगळं उलटंपालटं केलंय! मी नेमकं याच्या उलट सांगितलं होतं, मला स्वच्छ आठवतंय. म्हणजे माझ्यानंतर दुसऱ्या कुठल्यातरी भुक्कड वकिलाला विचारलंय. माझं नाव उडवलं ते त्याच्यासाठी. एक बाण त्यालाही.

२१ जून
परीक्षण झालं. काय उतरलंय! मासला: 'बचावाचा वकील म्हणजे शुद्ध व्यंगचित्र. असला खाकरणारा बावळट या व्यवसायात आठवडाभर टिकणार नाही. आणि ज्या गाढवाने ही कायद्याची माहिती पुरवली, त्याला वकील संघाने हुडकून काढावं आणि त्याची सनद काढून घ्यावी.' सौ.ला वाचून दाखवलं. म्हणाली, शेवटचं वाक्य जरा काढा. मी कशाला काढतोय!

२३ जून
छापून आलं. बार रूममध्ये मोठ्याने वाचन झालं. 'गाढव' शब्दाला टाळी पडली. अध्यक्ष म्हणाले, हा सल्लागार कोण ते बघायला हवं. मी उठून उभा राहिलो. म्हटलं, नुसतं बघून भागणार नाही, चौकशी समिती नेमा! ठराव मीच मांडला. एकमताने मंजूर. किती दिवसांनी माझ्या बोलण्याकडे कुणी लक्ष दिलं. घरी तरंगत आलो.

२४ जून
साडूचा फोन. आवाज रडवेला. वाहिनीने परीक्षण वाचून पुढचे भाग थांबवलेत म्हणे. वर विचारतो, तुम्ही शेवट पाहिलात का? म्हटलं, तुझा शेवट मीच लिहिलाय! फोन आपटला. कुणाला दिलेला शब्द मोडायचा तर साडूने आता दहादा विचार करावा.

२५ जून
भाषणाची तयारी. त्या गाढवाला दयामाया नाही. कोट इस्त्रीला.

२६ जून
समितीने वाहिनीकडून अख्खा भाग मागवून बघायचं ठरवलं. तक्रारदार म्हणून मी पुढच्या खुर्चीत, मनात भाषण घोकत, पडद्याकडे लक्षच नाही. निकाल लागला. यंत्रमानव सुटला. मग नावांची रांग खालून वर सरकली आणि संपली. मी उठणार तोच काळ्या पडद्यावर एकच नाव आलं. माझं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, एलएल.बी.सकट. वर लिहिलेलं, 'कायदेविषयक मार्गदर्शन, आणि बचावाच्या वकिलाच्या पात्रामागची प्रेरणा.' खाली, 'आदरपूर्वक आभार.' पडदाभर दुसरं काही नाही. बराच वेळ राहिलं.

मी खाकरलो. चष्मा काढून अध्यक्षांवर रोखला आणि म्हटलं, यात काहीतरी गफलत आहे. समिती जी हसायला लागली ती थांबेचना. अध्यक्षांना पाणी द्यावं लागलं.

२७ जून
संघाची नोटीस. सनद काढून घ्यायची शिफारस बार कौन्सिलकडे का करू नये, याचा समितीसमोर उभं राहून तोंडी खुलासा करायचा. भाडेकरारांमुळे उभं राहून बाजू मांडायची सवय नाही. सौ.ला कालचं सांगितलं. म्हणाली, तुमच्या वकिलाने शेवटी यंत्रमानवाला सोडवलं की, काय बोलला तो ते तरी बघा. मालिका बंद, समितीने मागवलेला भागही वाहिनीकडे परत गेला. ती वाक्यं साडूकडेच असणार.

सकाळपासून फोन करतोय. उचलत नाही.