डाव्या चाकाची पिन

शिरूर,
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

प्रिय फिरोजभाई,

मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली, ती आधी दुरुस्त करते. रखमाजी आप्पांची जीप तीन वर्षांनी आपल्या गॅरेजमध्ये परत आलीय, उजवं चाक वळवणारा टायरॉड सुटलेला आहे तो बसवायचाय, असं मी तुला कळवलं होतं. तेव्हा जीप नुसती ओढून आणून उभी केली होती. मी खाली वाकून पाहिलंही नव्हतं. घरात तीन वर्षं जे बोललं जातं तेच लिहून टाकलं. उजव्या चाकाला काहीही झालेलं नाही. सुटलाय तो डाव्या चाकाचा.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू "सगळी बरी आहेत ना?" विचारतोस आणि माझं पुढचं वाक्य येण्याआधी तुझी शिफ्ट सुरू होते. मोबाइलवर लिहिलेलं पाठवल्यावरही पुसता येतं, आणि मी पुसलं असतं. म्हणून कागद.

जीप आणायला मी निमोण्याला गेले होते. अपघात झाला तेव्हा आप्पांनी रागानं ट्रॅक्टर लावून ती घरी नेली, ती वखारीशेजारी तशीच पडून होती. मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. आप्पा म्हणाले, "तिला उठवू नगं, भाडं भरून बसलीय ती." तीन वर्षांत राग निवळलाय त्यांचा. भंगारवाला दोनदा येऊन गेला, पण त्यांना ही जीप द्यायची नाही. सोजराबाईंनी मला बळंच जेवायला बसवलं. ताटात भाकरी वाढताना म्हणाल्या, "माझी भाकर तवापासनं एका कडंला जाड व्हतीया बघ. मनगाटच वाकडं बसलंय." त्यावर आप्पा म्हणाले, "जाड कड मला देती आन् पातळ आपण खाती." दोघंही हसले, मीही हसले. मला वाढलेली ती जाड कड मी शेवटपर्यंत खाल्ली. तेव्हा मला अजून काही माहीत नव्हतं.

काम चांगलं चाललंय. पुढच्या कमानीतला एक पाटा तुटलेला निघाला, बाकीचे मी सुटे करून घासले, ग्रीस लावून परत बांधले. रबरी बुश सगळे नवे घातले. अब्बांचा खांदा आता वर होत नाही, त्यांना गाडीखाली झोपता येत नाही. ते स्टुलावर बसून सांगतात आणि मी करते. बोलता बोलता "फिरोज, पाना दे" म्हणतात. मग "सुमे, पाना दे." हे रोज होतं. एकदा नाही, रोज.

तुला आठवतं, आपल्याला शाळेच्या आधी त्यांनी काय शिकवलं? एकानं सीटवर बसून स्टेअरिंग हलकेच हलवायचं आणि दुसऱ्यानं खाली झोपून एकेका जोडावर तळहात ठेवायचा. सैल जोड डोळ्याला दिसत नाही, हाताला टिचकी मारतो. आणि बाजू मोजायची ती सीटवर बसून, गाडीसमोर उभं राहून नाही. उजवं चाक तुझं, डावं माझं. मी सात वर्षांची असताना नट अडवून धरणाऱ्या पिनेचं टोक लागून माझा हात फाटला, तेव्हापासून तू तुझ्या पिनांची टोकं आत वळवायला लागलास. पुढं कोणाचाही हात तिथं जावो, खरचटू नये म्हणून. अब्बा म्हणायचे, "पिन लावतोय का बाळाला अंगडं घालतोय?"

अपघाताच्या त्या शुक्रवारचं मला जेवढं खात्रीनं आठवतं तेवढंच लिहिते. आप्पांच्या जीपचं काम करताना डब्यातली शेवटची पिन तुझ्या चाकाला लागली. जुनी पिन परत वापरायची नाही हा अब्बांचा नियम. मी तो पाळला, माझी जुनी पिन फेकून दिली. नवी आणायला गेले तर दुकान बंद होतं. मी नट आवळून ठेवला. दुकान चारला उघडेल तेव्हा पिन घालू असं ठरवलं. तू गाडीखालून विचारलंस, "सुमे, डावं झालं का गं?" मी म्हणाले, "झालं." नट आवळून झाला होता म्हणून म्हणाले. मग मी घरी जेवायला गेले, आणि आप्पा लवकर येऊन जीप घेऊन गेले.

बातमी आल्यावर तिथं सगळ्यांत आधी मी पोचले. जीप रस्ता सोडून कांद्याच्या वाफ्यात घुसली होती, सोजराबाई मनगट धरून बांधावर बसल्या होत्या. मी जीपच्या तोंडासमोर उभी होते. लोंबणारा टायरॉड माझ्या उजव्या हाताला होता. मी अब्बांना फोन करून "उजवा सुटलाय" असं सांगितलं. त्यानंतर मला माझी पिन आठवली नाही. खरंच आठवली नाही, की मी आठवू दिली नाही, हे मी गेल्या गुरुवारपासून स्वतःला विचारतेय.

गुरुवारी मी दोन्ही चाकं काढली. उजव्या नटात पिन होती, गंजलेली पण जागच्या जागी. दोन्ही टोकं आत वळवलेली. मी त्यावरून बोट फिरवलं, काही टोचलं नाही. डाव्या बाजूला बोल्टचं भोक रिकामं होतं.

त्या संध्याकाळी अब्बा सगळ्यांसमोर तुला म्हणाले होते, "एक पिन लावता येत नाही त्यानं पाना धरू नये." तू माझ्याकडे एकदा पाहिलंस, हात धुतलेस, आणि दुसऱ्या दिवशी दौंडला गेलास. मला वाटत राहिलं की तू चूक मान्य केलीस. पण स्वतःच्या हातानं वळवलेली पिन तू विसरशील का? डबा रिकामा झाला हे तुला माहीत होतं. म्हणजे सुटला तो डावाच असणार, हेही तुला तिथंच कळलं असणार. मी तेव्हा अठरा वर्षांची होते, गॅरेजमध्ये बसू द्यावं म्हणून अम्मीशी वर्षभर भांडले होते; खरं कळलं असतं तर पाना माझ्या हातून गेला असता. तुझं ते पाहणं मी तीन वर्षं रागाचं समजत होते.

जुनी पिन मी काढलेली नाही. अब्बांना ती माझ्या हातात नाही, जिथल्या तिथं दिसली पाहिजे. जीप न्यायला आप्पा आणि सोजराबाई येणार आहेत. त्या दोघांसमोर, अब्बांना मी टॉर्च धरून आधी उजवी बाजू दाखवणार आहे आणि मग डावी, आणि डावी कोणाची होती ते सांगणार आहे. त्यानंतर मला पाना धरू द्यायचा की नाही ते अब्बा ठरवतील. तू मला अडवशील हे मला माहीत आहे, म्हणून तोवर तुझा फोन मी उचलणार नाही. तू यावंस असं मी म्हणत नाही, तो हक्क मला नाही. एवढंच कळवते की जीप सोडण्याआधी स्टेअरिंग हलवायला सीटवर कोणीतरी लागेल, आणि मी खाली असेन. सकाळी अकरा वाजता, येत्या रविवारी, १६ नोव्हेंबरला.

तुझीच,
डाव्या चाकाची सुमैया