मागच्या भिंतीचं शेवाळ

४ ऑगस्ट
परत तेच! कॉलेजचे दोन मजले पुसून कंबर सरळ करते न करते, तोच बावीस जोडी बूट चिखलासकट आत. दारावर पाटी ‘पर्यावरणाचं तत्त्वज्ञान’ आणि वर्ग भरतो बाहेर! मग खोल्या काय शोभेला बांधल्यात? सर नुसते प्रश्न विचारतात, उत्तर म्हणून देत नाहीत. मी नाव ठेवलंय – प्रश्नोबा. आज मला म्हणतात, “मावशी, चिखल बाहेर असतो तेव्हा घाण का नसतो?” म्हटलं, “फडकं हातात घ्या, कळेल.” पोरं फिदीफिदी हसली. तेही हसले.

५ ऑगस्ट
दुप्पट मोठं पायपुसणं टाकलं. सगळे उडी मारून गेले.

८ ऑगस्ट
प्राचार्य म्हणाले, मागची भिंत हिरवी पडलीय. तारेचा ब्रश, ॲसिड, दीड तास! कुणी तेलखडूने रेघोट्याही मारल्या होत्या, त्याही काढल्या. भिंत आरशासारखी.

९ ऑगस्ट
घोटाळा! त्या रेघोट्या म्हणजे पोरांचे चौकोन होते. प्रत्येकाचा वीतभर. दोन महिने रोज बघून वहीत लिहीत होती – शेवाळ किती वाढलं, कोण किडा आला. एक मुलगी रडायलाच लागली. “माझी गोगलगाय होती तिथे!” मी फणकारले, “पायपुसणं दिसत नाही, गोगलगाय बरी दिसते!” बोलून गेले खरं.

प्रश्नोबा रागावते तर बरं झालं असतं. त्यांनी मला खुर्ची दिली. या वर्गात मी पहिल्यांदाच बसले. मग त्यांनी पोरांना विचारलं, “भिंत कुणाची? प्राचार्यांची, मावशींची, की गोगलगायीची?” पोरं तावातावाने भांडली. एक जण म्हणाला, “आपण मावशींना कधी सांगितलंच नाही.” मला राहवेना. म्हटलं, “भिंतीचं राहू द्या, माझं ॲसिड धुऊन खालच्या नाल्यात गेलं. तो कुणाचा?” प्रश्नोबांचा चेहरा असा, जणू घबाड सापडलं!

१० ऑगस्ट
घरी सांगितलं. हे म्हणाले, “चौथी पास तत्त्वज्ञ! भाजी करपली बघ.” लेक म्हणते, “आई, भांडत तू आधीही होतीस. आता विषय मिळाला.”
मेली माझ्यावरच गेलीय.

२९ ऑगस्ट
खालच्या कोपऱ्यात ब्रश पोचला नव्हता. तिथे टिकलीएवढं हिरवं! पोरांनी भोवती चौकोन आखून दिला, वर लिहिलं ‘मावशी’. बादली ओतायला जाते तेव्हा वाकून बघते. बघायचं काय त्यात, पण बघते. ॲसिड बंद केलंय. बूट आता दारात निघतात. दोघांचे सोडून. त्या दोघांना बघतेच.

१२ सप्टेंबर
गोगलगाय आली! माझ्या चौकोनात! त्या मुलीला सांगायला धावले आणि जिन्यात सपशेल आपटले. जिना ओला. पुसला कुणी? मीच!

१९ सप्टेंबर
प्राचार्यांचा हुकूम – सोमवारी मागच्या भिंतीला ऑइलपेंट. डबे माझ्या कोठीत, किल्ली माझ्या कमरेला. सरळ ऑफिसात गेले. म्हटलं, “साहेब, किल्ली मिळेल. आधी त्या कोपऱ्यात दहा मिनिटं उकिडवं बसून बघा, मग सांगा भिंत कुणाची. सोमवारी सकाळी आठच्या आत मला उत्तर पाहिजे.”